वाघ नसलेल्या जंगलातले चार दिवस

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल ही चार विदर्भात. राहिली दोन. त्यातलं एक मुंबईच्या पोटात, बोरिवलीला, आणि दुसरं चांदोली, सह्याद्रीच्या धो धो पावसात. मधला जो कोरडा पट्टा आहे, पुण्याच्या पूर्वेपासून सोलापूर-बीडपर्यंतचा, जिथं पाऊस येतो की नाही यावर लग्नाच्या तारखा ठरतात, त्याच्या वाट्याला एकही नाही. माझं गाव या पट्ट्यात आहे. लोणी देवकर. पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकलं की इंदापूरच्या अलीकडे एमआयडीसीची पाटी लागते, तेच.

हे सगळं आठवायचं कारण आमची पाच वर्षांची लेक. तिच्या फुफेरे भावाने दिवाळीच्या सुट्टीत ताडोब्याला वाघ पाहिला आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या खानदानात फिरवला. तेव्हापासून घरात एकच धोशा: नॅशनल पार्क. शब्द शाळेतला, उच्चारही शाळेतला. ताडोबा १९५५ सालचं, राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. बघायला हवंच, वाद नाही. पण लोणी देवकरहून चंद्रपूर म्हणजे अख्खं राज्य आडवं कापायचं. सफारीचं आरक्षण, जिप्सीचं भाडं, मुक्काम, हे गणित एका बाजूला. आणि गाडीत बसून तास झाला की उलटी करणारी लेक दुसऱ्या बाजूला. बायको म्हणाली, "अहो, हिला वाघ नको आहे. हिला गाडीतून जनावर बघायचंय. ते आपल्याकडे नाही का?"

आहे की. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये चार दिवसांची सुट्टी काढून आम्ही पुण्याहून निघालो. मुक्काम गावी, अम्मीकडे. रोज सकाळी एका दिशेला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. सामान अगदी साधं: पाण्याचा वीस लिटरचा कॅन, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, दोन चादरी, प्लास्टिकच्या पिशव्या (उलटीसाठी, लहान मूल असलेल्यांनी या सल्ल्याला हसू नये), आणि माझी जुनी दुर्बीण. अम्मीला फोनवर बेत सांगितला तर ती म्हणाली, "बच्ची को लेको माळ पे कायको फिरता रे? वहाँ क्या है?"

तिथं काय आहे, हा प्रश्न सरकारी दप्तरालाही बरीच वर्षं पडला होता. गवताळ माळाला आपल्याकडे 'पडीक' म्हणायची पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. ज्या जमिनीचा सारा येत नाही आणि जिच्यावर लाकूडही मिळत नाही, ती निकामी. स्वातंत्र्यानंतरही पडीक जमिनींच्या नकाशात माळरानं येतच राहिली. मग पडीक जमीन सुधारायची म्हणून तिच्यावर खड्डे खणायचे, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावायची, नाहीतर कारखाना आणायचा. झाड लावणं हे पुण्यच आहे हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की गवताच्या जागी झाड लावणं म्हणजे कुणाचं तरी घर मोडणं असू शकतं, हे सांगितलं तर लोक आपल्याकडे संशयाने बघतात.

पहिला दिवस सोपा होता, कारण तो रस्त्यातच होता. जेजुरी, मोरगाव करत सुप्याला आलो. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य बारामती तालुक्यात येतं. १९९७ साली जाहीर झालेलं, क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. नाव मोरगावच्या गणपतीवरून. अर्धा तासही झाला नसेल, बोरीच्या झुडपाआडून सहा-सात चिंकारा निघाले. लेकीचा पहिला उद्गार: "ही तर बकरी आहे!"

तिची निराशा मला कळली. आमच्या घरात बकरी म्हणजे बकरी ईदच्या आधी दहा दिवस गॅलरीत बांधलेली, पाला खाणारी, नाव ठेवलेली आणि मग रडवून जाणारी. तिच्यासाठी तिकीट काढून कोण जातं? मी म्हणालो, शेपटी बघ. चिंकाऱ्याची काळी शेपटी सारखी हलत असते, बसल्या जागी मोटर लावल्यासारखी. मग सांगितलं, हिला पाणी प्यायला मिळालं नाही तरी ती बरेच दिवस काढू शकते, पाल्यातनं आणि दवातनं भागवते. यावर लेक गंभीर झाली. उन्हाळ्यात दादीकडे टँकर येतो ते तिने पाहिलेलं आहे. "दादीला पण शिकवायला पाहिजे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रेहेकुरी. भिगवणवरून भीमा ओलांडून राशीन, कर्जत. हे अभयारण्य तर अजून छोटं, २.१७ चौरस किलोमीटर. १९८० सालचं, काळविटांसाठी. काळवीट देखणा प्राणी आहे, त्याच्या उड्यांचं वर्णन बरेच जण करून गेलेत, मी करत नाही. एवढंच सांगतो की काळवीट आणि खान हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या देशात कुणालाही जोधपूरचा १९९८ सालचा खटला आठवतो. परतीच्या वाटेवर एका टपरीवर चहा पिताना शेजारच्या माणसाने कुठून आलात विचारलं. मी सांगितलं. मग नाव विचारलं. तेही सांगितलं. तो हसून म्हणाला, "बघूनच आलात ना फक्त?" मीही हसलो. विनोद वाईट नव्हता. फक्त लेकीने तो का हसला हे तीनदा विचारलं, आणि मला तीनही वेळा वेगळं उत्तर द्यावं लागलं.

खरा प्रवास तिसऱ्या दिवसाचा. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर आणि तिथून बार्शी रस्त्याने नान्नज. लेक टेंभुर्णीला एकदा आणि मोहोळच्या पुढे एकदा, दोनदा उलटली. पिशव्या कामी आल्या. नान्नजला आम्ही माळढोक बघायला चाललो होतो, म्हणजे खरं तर माळढोक जिथं असायचा ती जागा बघायला. हा फरक मी गाडीत बायकोला सांगितला होता, लेकीला नव्हता.

माळढोक मीटरभर उंच. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं न करता. एवढा मोठा देह आणि एवढा भाबडा विश्वास. त्याला बंदुकींनी खाल्लं, मग जीपगाड्यांनी, मग नांगरांनी, आणि आता विजेच्या तारांनी. याची समोरची नजर कमजोर, शरीर जड; तार दिसते तेव्हा वळायला वेळ राहिलेला नसतो. देशभरात आज दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथं सरकारने पिंजऱ्यात अंडी उबवून पिल्लं वाढवायचा प्रयत्न चालवलाय, आणि तो काही प्रमाणात साधलाही आहे. आपल्याकडे नान्नजला माळढोक दिसला की त्याची बातमी होते, आणि बातम्यांमधलं अंतर वाढत चाललंय.

इथं एक नाव घेतलंच पाहिजे. सालिम अली. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातला हा अनाथ पोरगा, जन्म १८९६ चा, मामाच्या घरी वाढला. लहानपणी एअरगनने एक चिमणी मारली, तिचा गळा पिवळा निघाला, ती कोणती म्हणून विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथून आयुष्यभर बाहेर पडला नाही. आपल्या घरांमध्ये मुलांना सांगायच्या गोष्टींत सालिम अली का नसतात, मला कळत नाही. डॉक्टर, इंजिनियर, कलेक्टर झालेल्यांचे सत्कार आपण करतो. आयुष्यभर पक्षी मोजत बसलेल्या माणसाचं काय करायचं हे आपल्याला सुचत नसावं. तर या सालिम अलींचा आग्रह होता की भारताचा राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा. कारण साधं: मोर सुरक्षित आहे, त्याला मान आधीच आहे; राष्ट्राचा आधार याला मिळाला तर हा वाचेल. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. माळढोकाच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग कुणी चुकवलं तर पंचाईत होईल म्हणून तो मागे पडला, असं सांगतात. खरं-खोटं बाजूला ठेवू. इंग्रजीतल्या दोन अक्षरांच्या भीतीने पक्षी गेला असेल, तर मराठीत माळढोक म्हणायला काय हरकत होती?

मनोऱ्यावर चढलो. जानेवारीचं गवत वाळून सोन्यासारखं झालेलं, वारा आला की सगळा माळ एका बाजूला झुकायचा. एक भोवत्या जमिनीच्या हातभर वरून गवत चाळत चालला होता. हा शिकारी पक्षी मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून आपल्या या 'पडीक' माळांवर हिवाळा काढायला येतो. चंडोल होते, टिटव्या होत्या, लांब काळविटांचा कळप होता. लेकीने दुर्बीण उलटी-सुलटी करून सगळीकडे फिरवली.

"अब्बा, माळढोक कुठंय?"

"नाही दिसत बेटा."

"कुठं गेलाय?"

बायको माझ्याकडे बघत होती. पाच वर्षांच्या मुलाला काय सांगायचं आणि काय नाही, यावर आमचे मतभेद जुने आहेत. मी म्हणालो, "गेला नाही. संपत आलाय."

"आपल्यामुळे?"

या 'आपल्या'त कोण कोण येतं, हा प्रश्न मला मोठ्यांनी विचारला असता तर मी तासभर बोललो असतो. तिला म्हणालो, "हो, थोडा आपल्यामुळे." ती गप्प बसली. मग तिने दुर्बिणीतून पुन्हा एकदा सगळा माळ नीट तपासला. मी खोटं बोलत असेन, असा तिला वाजवी संशय होता.

नान्नजची दुसरी बाजूही सांगायला हवी, ती सांगितल्याशिवाय पक्ष्याचं दुःख करणं मला पटत नाही. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके. त्यात गावं होती, बाजार होते, ऊस होता, रस्ते होते. नकाशावर कुणीतरी मोठा हात फिरवला आणि लाखो माणसं एका पक्ष्याच्या घरात राहायला आली. जमीन विकायची तर अडचण, काही बांधायचं तर अडचण. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. दुपारी जेवायला थांबलो तिथला म्हातारा शेतकरी म्हणाला, "आम्ही माळढोक कधी बघितला नाही. तो आमच्या कागदावर बसला होता, तेवढा बघितला." ज्या पक्ष्याला वाचवायचं, त्याच्या शेजाऱ्यालाच त्याचा वैरी करून ठेवायचं, ही आपली खास कला आहे. गवताचे मोजके तुकडे मनापासून सांभाळले असते आणि आठ हजार चौरस किलोमीटरचा कागद रंगवला नसता, तर माणसंही चिडली नसती, असं मला वाटतं. अर्थात हे चाळीस वर्षांनी जेवणाच्या टेबलावर बसून म्हणणं सोपं आहे.

असर तिथंच, माळाच्या कडेला चादर टाकून पढलो. प्रवासात होतो, चारच्या जागी दोन रकात. लेक शेजारी उभी राहून सजद्यात डोकं टेकवायची आणि गवताची कुसळं कपाळाला लावून उठायची.

चौथ्या दिवशी पहाटे कडबनवाडी. ही आमच्या इंदापूर तालुक्यातलीच. लहानपणापासून नाव ऐकलेलं, ते दुष्काळी गाव म्हणून. ऑक्टोबर २०२४ मध्ये वनविभागाने इथं आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ माळावरची सफारी सुरू केली. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, आणि सोबत गावातलाच प्रशिक्षण घेतलेला गाइड. हे अभयारण्य नाही, राष्ट्रीय उद्यान तर नाहीच. राष्ट्रीय उद्यानात कायद्याने जनावरं चारता येत नाहीत. इथल्या माळांवर मात्र धनगरांचे वाडे पिढ्यानपिढ्या फिरत आलेत. मला वाटतं हीच या जागेची गंमत आहे. आमचा गाइड, विशीतला पोरगा, म्हणाला, "दादा, मेंढरं नसती तर लांडगा कवाच गेला असता." मोकळ्या माळावर शिकार कमी झाली तेव्हा लांडगा मेंढरांच्या मागे मागे जगला. रात्री आलेला लांडगा एखादं कोकरू उचलतो, धनगर शिव्या घालतो, कुत्री सोडतो, आणि सकाळी वाडा पुढे हलतो. सगळेच धनगर सोशिक असतात असं नाही. विष घातल्याच्या गोष्टीही आहेत. पण बहुतेकांच्या बोलण्यात 'त्याचा वाटा' हा शब्द येतो.

आता लांडग्याबद्दल मला काही सांगायचंय, आणि ते प्राणिशास्त्रातलं नाही.

मराठीत 'लांडा' म्हणजे तोकडा, शेपूट तुटलेला. हाच शब्द मुसलमानांसाठी शिवी म्हणून वापरतात. का, ते मुस्लिम वाचकांना सांगायला नको आणि इतरांनाही बहुधा ठाऊक आहे. माझ्या शाळेत, कुठली ते जाऊ द्या, वर्गात मी एकटाच मुसलमान होतो. सहावीत मराठीच्या तासाला कुणाला तरी सुचलं की शिवी दिली तर मार बसतो, पण तिला एक अक्षर जोडलं तर प्राण्याचं नाव होतं. त्या दिवसापासून मी लांडगा. मैदानावर मी आलो की चार जण ओरडायचे, लांडगा आला रे आला. मास्तरांना वाटायचं पोरं गोष्टीचा खेळ खेळतायत. दहावीपर्यंत हे नाव चाललं. त्यातले दोघं आजही माझे जिवाभावाचे मित्र आहेत, एकाच्या मुलीच्या बारशाला मी पाळण्यापाशी उभा होतो. त्यांना हे आठवतही नसेल. घरी मी कधी सांगितलं नाही. अब्बांना सांगितलं असतं तर ते शाळेत आले असते आणि मला ते नको होतं.

त्यामुळे सूर्य नुकताच वर आलेला असताना गाइडने गाडी थांबवायला सांगून बोट दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "लांडगा", तेव्हा माझ्या मानेवर काहीतरी सरसरलं. चाळीस वर्षांचा माणूस, पण कान सहावीतले.

दोन होते. आमच्यापासून शंभर पावलांवर असतील. मी लहानपणापासून गावी येतोय, मला वाटलं होतं मी ते पाहिलेत. पाहिले नव्हते, ती कुत्री होती. लांडगा कुत्र्यासारखा हलत नाही. पाय लांब, अंग बारीक, रंग वाळल्या गवताचाच, आणि चाल अशी की जमिनीवर कुठंही जोर पडत नाही. नर थांबला. मान वळवून आमच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, भीती नव्हती, ओळखही नव्हती. मग तो पुढे गेला आणि मादी त्याच्या मागे. गवत त्यांच्यावर मिटलं.

लेकीचा हात माझ्या हातात घट्ट होता. तिच्या गोष्टींतला लांडगा आजीला गिळतो. ती कुजबुजली, "अब्बा, लांडगा वाईट असतो ना?"

मी काय उत्तर देणार होतो, ते मला आता आठवत नाही. तोंडातून निघालं ते असं: "मला शाळेत लांडगा म्हणायचे."

बायकोने झटकन माझ्याकडे पाहिलं. तिला अर्थ लागला होता. ती बार्शीची आहे, मराठी शाळेत शिकलेली आहे. लेक मात्र माझ्याकडे नवीन नजरेने बघत होती. "खरंच? तुला? लांडगा?" आणि मग, अतिशय आदराने, "का? तू फास्ट पळायचास?"

"हो," मी म्हणालो. हेही खोटं नव्हतं. पळायचो खरा.

गाइडने मग बरंच सांगितलं. भारतीय लांडगा ही लांडग्यांची फार जुनी शाखा आहे, आणि देशात त्यांची संख्या अंदाजे तीन हजार. म्हणजे वाघांपेक्षा कमी. वाघासाठी देशभर व्याघ्र प्रकल्प आहेत. हा बिचारा उसाच्या फडात आणि एमआयडीसीच्या कुंपणामागे पिल्लं घालतो. त्याचा नवा शत्रू भटकी कुत्री. गावाच्या उकिरड्यावर पोसलेली कुत्री माळावर येतात, सोबत डिस्टेंपरसारखे रोग आणतात. लांडग्याला लस कोण टोचणार? कधी कधी कुत्र्याशी संकरही होतो आणि मग लांडगा लांडगा राहत नाही. गाइड सांगत होता, मी ऐकत होतो, आणि मधूनच मला हसू येत होतं, कारण मागच्या सीटवरून लेक दर दोन मिनिटांनी विचारत होती, "अब्बा, तू अजून लांडगा आहेस?"

वाटेत खोकड दिसला, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला. चिंकाऱ्यांचा कळप दिसला. आता ती बकरी राहिली नव्हती, लेकीने शेपटीवरून ओळखला. एका उतारावर गिरिपुष्पाच्या, म्हणजे त्याच ग्लिरिसिडियाच्या रांगा होत्या आणि त्यांच्याखाली गवताची काडी नव्हती. गाइड म्हणाला, जुनी लागवड. आणखी काही बोलला नाही. वनविभागाचाच माणूस होता ना शेवटी.

त्या संध्याकाळी अम्मीलाही बाहेर काढलं. ती माळावर यायला तयार नव्हती, पण पाण्यावर चल म्हटलं तर निघाली. तिचं माहेर जुन्या पळसदेवचं. उजनी धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. भीमेचं पाणी मागे मागे सरकत आलं तेव्हा अम्मी सोळा-सतरा वर्षांची होती. गावं वर सरकली, शेतं खाली गेली. आज त्याच पाण्यावर देशभरातून लोक कॅमेरे घेऊन येतात. कुंभारगावचे मच्छीमार पर्यटकांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात, भिगवणला चिलापीचं कालवण खायला पुण्याच्या गाड्या थांबतात. (आम्हीही थांबतो. मासे असले की हलालची चौकशी करायला नको, ही प्रवासातली फार मोठी सोय आहे.) रोहितांना उथळ चिखल लागतो; त्यामुळे पाणी उतरू लागलं की ते वाढतात. यंदा पाऊस चांगला झालेला, जानेवारीत धरण तुडुंब, रोहित मोजकेच. पट्ट कादंब मात्र होते, हिमालय ओलांडून येणारे हंस. थव्याने उसाच्या कडेला उतरले होते.

पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर या पाण्यात आहे. दुष्काळात पाणी तळाला गेलं की ते बाहेर येतं आणि लोक पायी बघायला जातात. या वर्षी वर काहीच नव्हतं. अम्मीने होडीच्या काठाला धरून बोटाने दाखवायला सुरुवात केली: इथं मंदिर, त्याच्या या बाजूला बाजार, तिकडे पीर, त्याच्या मागे आमची चिंच, चिंचेच्या खाली घर. लेकीला फक्त पाणी दिसत होतं. पण नान्नजला तिचं दिसत नसलेलं बघायचं शिक्षण झालं होतं. तिने दुर्बीण डोळ्याला लावली आणि दादी बोट दाखवेल तिकडे फिरवली.

"दादी, तुमचं घर पण संपलं?"

"नै बेटा, हैना नीचे."

"आणि तिथं कोण राहतं?"

"मच्छी," अम्मी म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग मराठीत, होडीवाल्याला उद्देशून, "आमच्या ओट्यावर चिलापी बसत असतील आता." तो म्हणाला, "बसत असतील मावशी. तिथं जाळं अडकतं आमचं. भिंत आहे अजून."

अम्मी काही बोलली नाही. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, की भिंत आहे अजून.

होडीवाल्याने लेकीला विचारलं, काय काय बघितलंस? तिने बोटं मोजत यादी सांगितली: चिंकारा, काळवीट, खोकड, आणि लांडगा. माळढोकही घातला. मी दुरुस्त केलं नाही. मग ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, "माझ्या अब्बाला पण शाळेत लांडगा म्हणायचे!"

होडीवाला क्षणभर वल्ह्यावर थांबला. मोठी माणसं सगळी गप्प झाली. अम्मी पाण्याकडून माझ्याकडे वळली. पस्तीस वर्षं तिथंच शेजारी संसार केलेल्या, त्याच शाळेसमोरून रोज बाजाराला गेलेल्या माझ्या आईचा चेहरा मी बघत होतो.

"कौन बोल्ते थे?" तिने विचारलं.

"जाने दे ना अम्मी."

"कौन बोल्ते थे रे?"

मी दोन नावं सांगितली. त्यातलं एक, दर ईदला तिच्या हातचा शीरखुर्मा प्यायला येणाऱ्याचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. लेक दुर्बिणीतून चिंच शोधत होती. होडी वळून काठाला लागायला आली तेव्हा अम्मी म्हणाली, "आने दे उसको इस ईद को," आणि उतरताना तिने नेहमीसारखा माझा हात धरला नाही, नातीचा धरला.